सगळेच ‘अ‍ॅडमिन’ असतील, तर फाइल कुणी बदलली हे कसं कळणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. ऑफिसात सहा संगणक. हिशेबनीस ताईंच्या टेबलावरच्या संगणकाचा डी ड्राइव्ह सगळ्यांना शेअर केलेला, बाकी पाच ठिकाणी तो झेड म्हणून दिसतो. लॉगिन सगळीकडे ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही एकच. ऐन कापूस खरेदीत चुकाऱ्याच्या एक्सेल फाइलवर कुणाच्या तरी हातून जुनी प्रत पडली आणि अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या. संगणक ताईंचा म्हणून बोट त्यांच्याकडे. त्या विचारतात, हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, त्यासाठी सर्वर विकत घ्यावाच लागेल का, आणि ‘हे मी केलं नाही’ असं दाखवता येईल का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. झोप त्याच प्रश्नानं उडाली असणार.

तुम्ही केलं नाही, हे आता संगणकातून दाखवता येणार नाही. पण तुम्ही केलं, हेही कुणाला दाखवता येणार नाही, आणि ही गोष्ट मॅनेजर साहेबांना नीट समजावून सांगा. एक्सेलमध्ये फाइलच्या माहितीत ‘शेवटी कुणी सेव्ह केली’ असं एक नाव दिसतं. ते कुणी पुरावा म्हणून पुढे केलं तर ऐकून घेऊ नका. ऑफिसच्या सेटिंगमध्ये वापरणाऱ्याचं जे नाव लिहिलेलं असतं तेच तिथे उमटतं, आणि ते कुणालाही बदलता येतं. आपल्याकडे निम्म्या ठिकाणी तिथे संगणक बसवून देणाऱ्या दुकानाचं नाव असतं. दुसरं, कोणत्या फाइलला कुणी हात लावला याची नोंद विंडोज आपोआप ठेवत नाही, ती मुद्दाम सुरू करावी लागते. तुमच्याकडे ती सुरू असती तरी त्यात काय दिसलं असतं? ‘अ‍ॅडमिन’नं फाइल बदलली. फार तर कोणत्या संगणकावरून बदलली ते कळलं असतं. त्या खुर्चीवर तेव्हा कोण बसलं होतं, ते कळलं नसतं.

यवतमाळ-वर्धा पट्ट्यात जिनिंग, पतसंस्था, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी बावीस वर्षं मी हेच काम करतो आहे. एक प्रसंग अजून मनातून जात नाही. एका पतसंस्थेत कर्जप्रकरणांचं आख्खं फोल्डर एका सकाळी दिसेनासं झालं. तिथेही सगळ्यांचं लॉगिन एकच. संशय एका नव्या मुलावर गेला आणि महिना भरायच्या आत त्याला घरी पाठवलं. पुढे प्रिंटर बसवायला मी तिथे गेलो, तेव्हा सहज म्हणून शोध घेतला. फोल्डर जागेवर होतं, फक्त शेजारच्या ‘लेखापरीक्षण’ नावाच्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसलं होतं. माउसचं बटण दाबलेलं असताना कुणाचा तरी हात सरकला असणार. कुणाचा, ते तेव्हाही कळलं नाही आणि आता कळणारही नाही. मुलाची नोकरी मात्र गेली. प्रत्येकाला आपापलं नाव आणि पासवर्ड द्या, असं मी जिथे जातो तिथे सांगतो ते चोर पकडता यावा म्हणून नाही. प्रामाणिक माणसाच्या डोक्यावर भलता आळ येऊ नये म्हणून सांगतो.

आता नोंदी परत कशा मिळवायच्या ते. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ बघा. फाइल हिस्टरी किंवा रिस्टोर पॉइंट चालू असेल तर जुनी प्रत तिथे सापडू शकते. मग सहाही संगणकांच्या डाउनलोड फोल्डरात त्या नावाचा शोध घ्या. खरेदीच्या दिवसांत संध्याकाळी कुणीतरी ती फाइल संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा बँकेला मेलनं पाठवतोच. माझ्या अनुभवात हरवलेल्या दहांपैकी सहा-सात फाइली अशाच सापडल्या आहेत. डिलीट झालेलं परत आणणारं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर ते त्याच डी ड्राइव्हवर उतरवू नका, आणि संगणकात एसएसडी असेल तर त्या सॉफ्टवेअरवर फार भरवसा ठेवू नका. काहीच मिळालं नाही, तर काटा पावत्यांची कार्बन प्रत आणि बँकेचं स्टेटमेंट आहेच. अकरा दिवसांचे क्विंटल आणि रक्कम त्या दोन कागदांवरून पुन्हा उभी राहते. कष्टाचं काम आहे, पण होतं. त्या कामाला खरेदीवाला माणूस सोबत घेऊन बसा, एकट्या बसू नका.

आता मूळ दुखणं. आपल्या बाजूला संगणकवाल्याला बोलावलं, की फोन असाच असतो: “भाऊ, झेड ड्राइव्ह उघडून नाही राहिला, लवकर या.” तो येतो, पाच मिनिटांत ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करतो, फोल्डरला ‘एव्हरीवन’ आणि ‘फुल कंट्रोल’ देतो, ड्राइव्ह उघडतो, सगळे खूश. सुरुवातीची काही वर्षं मीही असंच करून दिलं आहे, आणि ते चूक होतं. ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ म्हणजे गोदामाला कुलूप नाही आणि कुलूप बसवायचा अधिकारही येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती. ऑफिसच्या वायफायवर मोबाइल जोडून बसलेला माणूससुद्धा ते फोल्डर उघडू शकतो.

ड्राइव्ह उघडत नाही याची खरी कारणं बहुतेक वेळा साधी असतात. ज्या संगणकात फोल्डर आहे, त्या संगणकाला तुमचं नाव आणि पासवर्ड माहीत असावा लागतो. तुमच्याकडे डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच जागी सांभाळणारी व्यवस्था नाही, साधा वर्कग्रुप आहे. म्हणजे प्रत्येक संगणक आपल्यापुरता स्वतंत्र, एकाला दुसऱ्याची माणसं ओळखू येत नाहीत. म्हणून फोल्डर असलेल्या संगणकात सहाही जणांची खाती उघडावी लागतात, आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकात तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवला की झेड ड्राइव्ह काही न विचारता उघडतो. इथे तीन ठिकाणी लोक अडकतात. रिकामा पासवर्ड असलेल्या खात्यानं नेटवर्कवरून आत जाता येत नाही, विंडोजच ते अडवतं. चार आकडी पिन फक्त त्याच संगणकापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही, पूर्ण पासवर्ड लागतो. आणि पासवर्ड बदलल्यावरही जुना पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठून राहतो, तो तिथून काढल्याशिवाय दार उघडत नाही. आणखी एक, एका लॉगिनमधून एकाच संगणकाला एका वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. ‘अ‍ॅडमिन’नं जोडलेला झेड आधी तोडा, मगच स्वतःच्या नावानं जोडा. एवढ्या चार गोष्टी माहीत असल्या तर ‘एव्हरीवन’ची गरज पडत नाही.

रोजच्या कामाचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नको. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड लिहून बंद पाकिटात, पाकीट अध्यक्षांच्या कपाटात. वर तारीख आणि सही. पाकीट फोडलं की पासवर्ड बदलायचा आणि नवं पाकीट ठेवायचं. मॅनेजर साहेबांनाही रोजच्या कामाला साधंच खातं द्या. यात मानापमान काही नाही. व्हायरस घुसतो तेव्हा ज्या खात्यात घुसतो त्या खात्याचे अधिकार घेऊनच फिरतो, आणि मेलमधली अनोळखी बिलं उघडायची पाळी मॅनेजरवरच जास्त येते.

फोल्डर माणसाच्या नावानं करू नका, कामाच्या नावानं करा. खरेदी, हिशेब, सभासद, बियाणे-खत, संचालक मंडळ. माणूस बदलतो, काम राहतं. माणसाच्या नावाचं फोल्डर तो सोडून गेला की पोरकं होतं, आणि दोन वर्षांनी ते पुसायची हिंमत कुणाची होत नाही. सगळ्यांना एकमेकांशी देवाणघेवाण करायला ‘तात्पुरते’ नावाचं एक फोल्डर ठेवा आणि दर सोमवारी ते रिकामं होईल असं सगळ्यांना आधीच सांगून टाका. आणि फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करत लांबलचक मराठी नावं देऊ नका. सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांच्या वर गेला की विंडोजमधले बरेच प्रोग्राम अडतात, आणि नेमक्या त्याच फाइली बॅकअपमधून सुटतात.

परवानग्या दोन ठिकाणी असतात, एक शेअरिंगच्या खिडकीत आणि दुसरी सिक्युरिटीच्या. नेटवर्कवरून येणाऱ्या माणसाला दोन्ही लागू होतात आणि दोन्हींत जी कडक ती चालते. समोर बसून काम करणाऱ्याला फक्त दुसरी लागू होते. तुमच्या टेबलावर कुणीही येऊन बसतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे, नुसती शेअरिंगची परवानगी आवळून उपयोग नाही. मी असं करतो. शेअरिंगमध्ये ‘एव्हरीवन’ काढून ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ला ‘चेंज’ देतो, ‘फुल कंट्रोल’ देत नाही. नाहीतर आपण तयार केलेल्या फोल्डरच्या परवानग्या जो तो बदलत बसतो. मग सिक्युरिटीत खरी वाटणी. हिशेब गटाला हिशेब फोल्डरवर ‘मॉडिफाय’, खरेदी गटाला खरेदीवर ‘मॉडिफाय’ आणि हिशेबावर फक्त ‘रीड’. गट करा, प्रत्येक माणसाला वेगळी परवानगी देत बसू नका. माणूस बदलला की त्याला गटात टाकायचं किंवा काढायचं, फोल्डरला हात लावायची गरज नाही. ‘डिनाय’ची खूण शक्यतो वापरू नका. ती बाकी परवानग्यांवर मात करते, आणि वर्षभरानं ती कुणी का लावली होती हे कुणालाच आठवत नाही. आणि हे सगळं एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच होतं. पेन ड्राइव्हसारखी एक्सफॅट केलेली डिस्क असेल तर सिक्युरिटीची ही सोयच नसते.

सगळ्यांत वरच्या ओळीतली फोल्डरं, म्हणजे खरेदी, हिशेब वगैरे, ही फोल्डरं स्वतः कुणालाही हलवता येणार नाहीत अशी ठेवा. ‘मॉडिफाय’ आतल्या वस्तूंवर द्यायचं, त्या फोल्डरवर स्वतः फक्त वाचायची आणि आत नवी फाइल-फोल्डर करायची परवानगी, आणि ज्या मुख्य फोल्डरात ही सगळी आहेत त्यावरही फक्त ‘रीड’. अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीत ‘ओन्ली सबफोल्डर्स अँड फाइल्स’ असा पर्याय असतो. हे केलं असतं तर त्या पतसंस्थेतलं फोल्डर सरकलं नसतं.

इथे एक सावधगिरी. फाइल बदलता यावी पण डिलीट करता येऊ नये, अशी परवानगी एक्सेलच्या फाइलींना द्यायला जाऊ नका. बऱ्याच जणांना ही युक्ती सुचते. एक्सेल सेव्ह करताना आधी एक नवी तात्पुरती फाइल करतं, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देतं. डिलीटची परवानगी नसली की सेव्हच होत नाही, आणि फोल्डरात विचित्र नावाच्या तात्पुरत्या फाइलींचा ढीग साचतो. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर रोजची पीडीएफ किंवा मजकुराची फाइल टाकत असेल, त्या फोल्डरला ही युक्ती छान लागू पडते. टाकायचं, वाचायचं, पुसायचं नाही.

काट्याचा विषय निघालाच आहे. खरेदीच्या दिवसांत काट्यावर दोन पाळ्यांत माणसं बदलतात, मागे बैलबंड्या आणि ट्रॅक्टरांची रांग असते, दर वेळी लॉगआउट-लॉगिन होत नाही. तिथे मी हट्ट धरत नाही. ‘काटा’ नावाचं एक सामाईक खातं करा, पण त्याला एकच फोल्डर आणि एकच प्रोग्राम द्या. त्याच्या शेजारी वही ठेवा: तारीख, पाळी, कोण बसलं, किती वाजता उठलं, सही. सामाईक खातं आणि सोबत वही, हे चालतं. सामाईक खातं आणि वही नाही, याची फळं तुम्ही आता भोगताच आहात.

जी फाइल बदलली गेली ती एक्सेलची होती, म्हणून त्याबद्दल थोडं. एकानं फाइल उघडली की दुसऱ्याला ती ‘रीड ओन्ली’ उघडते. मग तो काय करतो? ‘सेव्ह अ‍ॅज’ करून शेजारी दुसरी प्रत ठेवतो, नाहीतर डेस्कटॉपवर घेऊन जातो, दोन दिवस तिथे काम करतो आणि मग उचलून झेडवर टाकतो. ‘रिप्लेस करायची का?’ असा प्रश्न येतो, तो ‘हो’ म्हणतो. तुमचे अकरा दिवस बहुधा असेच गेले असावेत. कुणाच्या मनात काळंबेरं नसतानाही असं होतं. यावर उपाय म्हणून चुकाऱ्याच्या फाइलीचा एकच धनी ठरवा. लिहिणार तोच, बाकीचे फक्त बघणार, आणि तशीच परवानगी. दोघांना एका वेळी लिहायचंच असेल, तर ती एक फाइल वनड्राइव्ह किंवा गूगल शीट्सवर ठेवा. तिथे प्रत्येक बदलाचा इतिहास नावानिशी राहतो आणि मागच्या तारखेला परत जाता येतं. पण सगळं तिकडे नेऊ नका. आपल्या गावांत फायबर तुटला की दोन-दोन दिवस जोडला जात नाही, आणि काट्यावर उभा असलेला शेतकरी दोन दिवस थांबणार नाही. रोजचं काम आपल्या स्वतःच्या तारेवरच हवं.

टॅलीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमची संस्था शेतकरी उत्पादक कंपनी आहे, म्हणजे कंपनी कायद्याखाली येते, म्हणून सांगणं भाग आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतला बदल टिपणारी आणि बंद न करता येणारी ऑडिट ट्रेल सक्तीची झाली आहे, आणि ती आहे की नाही हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. टॅलीप्राइममध्ये त्यासाठी एडिट लॉगची आवृत्ती आहे. पण टॅलीतही सगळे एकाच नावानं शिरत असतील तर ती नोंद काय सांगणार? व्हाउचर ‘अ‍ॅडमिन’नं बदललं. टॅलीच्या आत प्रत्येकाचं वेगळं नाव करा, आणि जुन्या तारखेच्या नोंदी बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. साध्या मांडणीत टॅलीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला टॅलीच्या डेटा फोल्डरवर लिहायची परवानगी द्यावीच लागते. म्हणजे टॅलीच्या आत तुम्ही कितीही बंधनं घातली, तरी बाहेरून झेड उघडून ते आख्खं फोल्डर पुसता येतं. म्हणून ते फोल्डर बाकी फाइलींसोबत झेडमध्ये ठेवू नका. वेगळा शेअर करा, त्याच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह द्या म्हणजे तो नेटवर्कच्या यादीत दिसत नाही, आणि फक्त टॅली वापरणाऱ्यांनाच त्याची परवानगी द्या. लपवणं म्हणजे कुलूप नव्हे, पण सरकत्या माउसपासून तेवढी राखण होते.

सभासदांचं फोल्डर मला सगळ्यांत नाजूक वाटतं. त्यात शेकडो शेतकऱ्यांचे आधार, सातबारा, बँक पासबुकाचे फोटो असतात. ते कागद लोकांनी विश्वासानं आपल्या हाती दिलेले आहेत. ते फोल्डर दोनच माणसांना उघडायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ही माहिती सांभाळायची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. कुणाचा आधार आणि पासबुक एकत्र भलत्याच्या हाती लागलं, तर त्या घराचं पीककर्ज, विम्याचे पैसे, सगळं धोक्यात येतं.

तसंच डिजिटल सहीचं टोकन. संचालकांची सही असलेलं ते यूएसबी टोकन हिशेबनिसाच्या ड्रॉवरमध्ये आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, हे मी इतक्या ठिकाणी बघितलं आहे की आता नवल वाटत नाही, काळजी मात्र तेवढीच वाटते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड फसवणुकीनं किंवा अप्रामाणिक हेतूनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुमचा हेतू स्वच्छ असला तरी उद्या वाद झाला की टोकन कुणाच्या ड्रॉवरमध्ये होतं हेच आधी विचारलं जाईल. ताई, ते टोकन तुमच्याकडे असेल तर आजच परत करा, आणि परत केल्याची सही घ्या.

आता बॅकअप. नेटवर्कवरच्या ड्राइव्हमधून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं. स्वतःच्या संगणकावर सवय लागलेली असते, की चुकलं तर डब्यातून काढू. झेडवर तो डबाच नाही. आणि व्हायरसनं फाइली कुलूपबंद केल्या तर जोडलेले सगळे ड्राइव्ह जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, तो फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी-१ मधल्या छिद्रातून नेटवर्कवरच्या एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप उडी मारत होता. मायक्रोसॉफ्टनं त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी अपडेट घेतले नव्हते ते सापडले. म्हणून कुणी जुना स्कॅनर किंवा जुनी डिस्क चालावी म्हणून एसएमबी-१ सुरू करून देत असेल, तर करू देऊ नका. विंडोज ७ वरचा एखादा संगणक अजून जाळ्यात असेल तर तो बाहेर काढा, त्याची सुरक्षा जानेवारी २०२० मध्येच संपली. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

बॅकअपसाठी दोन बाहेरच्या डिस्क घ्या. एक सोमवारी, एक गुरुवारी. घेऊन झालं की तार काढायची आणि एक डिस्क ऑफिसच्या बाहेर, अध्यक्षांच्या घरी. चोवीस तास जोडून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे, व्हायरस आला की तीही जाते, आणि जून महिन्यात वीज कडाडली की तीही जळते. हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप मात्र रोजचा हवा. हिशेब इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये नियमातला ‘ठरावीक काळानं’ हा शब्द बदलून ‘दररोज’ केला गेला आहे, आणि तो बॅकअप भारतातल्याच सर्वरवर ठेवायचा आहे. त्याची सोय कशी करायची ते तुमच्या सीएंना विचारून ठरवा. टॅली सगळीकडून बंद करून मगच बॅकअप घ्या. आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल खरोखर उघडून बघा. दोन वर्षं मन लावून घेतलेला बॅकअप रिकाम्या फोल्डरचा निघालेला मी पाहिला आहे.

सर्वर घ्यायचा का? सहा संगणकांना नको. साध्या विंडोज ११ ला एका वेळी वीस यंत्रं जोडायची मुभा आहे. पण तुमचा टेबलावरचा संगणक सर्वर म्हणून चालणार नाही. तुम्ही जेवायला उठलात, कुणी बंद केला, की सगळ्यांचं काम ठप्प. एक साधा संगणक त्याच कामाला ठेवा, विंडोजची प्रो आवृत्ती घालून, कारण गट करायची खिडकी होम आवृत्तीत नसते. त्याला मॉनिटर-कीबोर्ड रोज नको. किंवा दोन डिस्कचा नॅस घ्या, म्हणजे थेट नेटवर्कला जोडायचं, फक्त फाइली ठेवायचं छोटं यंत्र. पैसे जमले तर मी नॅसच सुचवीन. बहुतेकांत नेटवर्कवरून पुसलेल्या फाइलींसाठी रिसायकल बिन असतो, चांगल्यांत स्नॅपशॉटची सोयही असते, म्हणजे तुमची फाइल काल संध्याकाळी जशी होती तशी परत आणता येते. दोन डिस्क आहेत म्हणून बॅकअप झाला असं मात्र समजू नका. पुसलेली फाइल दोन्हींतून एकदम पुसली जाते. त्या नॅसवर ‘अतिथी’ म्हणजे गेस्टचा शेअर करून देऊ नका, प्रत्येकाचं खातं करून घ्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आवृत्तीतही गेस्टनं शेअर उघडणं बंद आहे, आणि आदल्या दिवशी चालणारा ड्राइव्ह अपडेटनंतर सकाळी उघडत नाही अशा तक्रारी येतात त्या यामुळेच.

ते यंत्र जिथे ठेवाल तिथे यूपीएस, आणि त्यासोबत नेटवर्कच्या स्विचलाही, म्हणजे सगळ्या संगणकांच्या तारा जिथे जोडल्या जातात त्या डबीलाही, यूपीएस. लाइट गेल्यावर संगणक चालू आणि स्विच बंद, मग उघडी फाइल अर्धवट सेव्ह होऊन बिघडते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा बंद कपाटात डिस्क ठेवू नका. जिनिंग जवळ असेल तर दर महिन्याला पंख्यातला कापूस काढा. लाइट आल्यावर सगळे संगणक एकदम सुरू होतात, शेअरवाला शेवटी उठतो आणि झेडवर लाल फुली दिसते. ती नुसती दोनदा क्लिक केली तरी बहुतेक वेळा जाते. कुणाला बोलवायची गरज नाही.

हंगामी पोरं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघून जातात, त्यांची खाती त्याच दिवशी बंद करा. ‘डिसेबल’ करा, डिलीट करू नका. विंडोज माणसाला नावानं नाही, आतल्या एका लांब क्रमांकानं ओळखतं. खातं पुसलं, की परवानग्यांच्या यादीत नुसता तो क्रमांक उरतो, तो कुणाचा ते कळत नाही, आणि पुढच्या दिवाळीला त्याच नावानं नवं खातं केलं तरी जुन्या परवानग्या लागत नाहीत.

हे सगळं हंगामात एकदम करायला जाऊ नका. पहिला आख्ख्या डी ड्राइव्हचा बॅकअप, मग खाती, मग एका रविवारी फोल्डरांची वाटणी. तुम्ही मागे लागाल तेव्हा कुणीतरी म्हणेलच, “काहून ताई, आमच्यावर भरवसा नाही का?” त्याला त्या पतसंस्थेतल्या मुलाची गोष्ट सांगा. आणि फाइलींना कोण हात लावतो याची नोंद सुरू करायची असेल, तर ती फक्त ‘हिशेब’ आणि ‘सभासद’ या दोन फोल्डरांवर करा. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६६३ क्रमांकानं ती दिसते. सगळ्या ड्राइव्हवर लावली तर लॉग काही तासांत भरतो आणि जुनं पुसत जातो. लॉगचा आकारही वाढवून घ्या, आणि नोंद सुरू केल्याचं सगळ्यांना तोंडी आणि लेखी सांगा, चोरून लावू नका.

मॅनेजर साहेबांकडे जाताना दोन कागद न्या. एकावर काटा पावत्या आणि बँक स्टेटमेंटवरून उभे केलेले अकरा दिवस. दुसऱ्यावर सहा नावं, आणि प्रत्येकापुढे कोणतं फोल्डर वाचायचं, कोणत्यात लिहायचं. त्या दुसऱ्या कागदावर त्यांची सही घ्या. खातं उघडणारा संगणकवाला कुणीही असो, त्याच्या हातात तोच कागद द्यायचा.